विहिरीचें माप व अंतरमापकाची चकती

मोरबें धरणांत आज किती पाणी आहे, हें नवी मुंबईंतील शाळकरी मुलासहि वर्तमानपत्रांतून कळतें. धरणाची पूर्ण पातळी ८८ मीटरांची. पावसाळ्यांत पाणी तेथवर पोंचलें कीं सर्व शहरांत त्याची वार्ता होते. परंतु त्याच शहराच्या कडेला, पनवेल व उरण तालुक्यांत, ज्यांची चार-दोन एकर शेती अद्यापि शिल्लक आहे, त्यांपैकीं एखाद्यास "तुमच्या विहिरीस आज किती पाणी आहे ?" असें विचारावें, तर तो हातानें दाखवून म्हणतो, "कंबरभर असेल." फार झालें तर म्हणतो, "गेल्या सालाहून कमी वाटतें." एवढ्या अंदाजावर त्याची भाजी, त्याचीं कलमें व त्याचीं गुरें जगत असतात.

अंदाजाची शेती पूर्वीं चालत असे, कारण शेजारहि शेतकऱ्याचाच असे. आतां तसें राहिलें नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. रास्त मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें जासई येथें जें आंदोलन झालें त्यांत पांच जणांचे प्राण गेले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा इतिहास वाचकांस तोंडपाठ आहे, व तो पुन्हां उगाळण्याचा आमचा हेतु नाहीं. एकच गोष्ट ध्यानांत आणून द्यावयाची आहे. त्या सर्व काळांत जमीन मोजणारा, आंकडा लिहिणारा व नकाशा काढणारा नेहमीं दुसराच होता. शेतकरी बांधावर उभा राहून पाहत होता.

जमीन गेली ती गेली. जी उरली तिच्या पोटांतील पाणी तरी आपण स्वतः मोजावें, असें आमचें म्हणणें आहे. शेजारीं उंच इमारत उभी राहूं लागली म्हणजे प्रथम तळघराचा खड्डा खणतात, व त्यांत झिरपणारें पाणी रात्रंदिवस पंपानें उपसून नाल्यांत सोडतात. पुढें त्या इमारतीकरितां कूपनलिका होतात. खाडीजवळच्या गांवीं तर धोका दुहेरी आहे. गोडें पाणी फार उपसलें कीं त्याच्या जागीं खारें पाणी सरकत येतें, आणि एकदां खारटलेली विहीर लवकर गोडी होत नाहीं. अशा वेळीं शेतकरी अर्ज करतो, "आमच्या विहिरीचें पाणी खालीं गेलें." साहेब विचारतात, "किती गेलें ? केव्हांपासून ?" येथें अर्जदार गप्प होतो. आमची नोकरीची सारी वर्षें महसुली कचेरींत कागद लिहिण्यांत गेलीं. त्या अनुभवावरून सांगतों कीं, आंकडा व तारीख नसलेला अर्ज दप्तरांत राहतो, निकालापर्यंत जात नाहीं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेते. तें काम मोलाचें आहे, पण तें सबंध प्रदेशाकरितां आहे. आपल्या विहिरीची रोजची नोंद दुसरा कोणी ठेवणार नाहीं.

आनंदाची गोष्ट अशी कीं, ही नोंद ठेवण्याचें साधन आतां आपल्याच घरांत तयार होऊं शकतें. आयटीआयमध्यें अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारीं आपलीं मुलें आर्डुइनो नांवाच्या लहानशा फळीवर अंतरमापक घरच्या घरीं जुळवितात. त्यांतील बहुतेकांचें घोडें एकाच ठिकाणीं अडतें: दुकानांत दहा तऱ्हांचे अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसर मांडलेले असतात, त्यांतील कोणता घ्यावा ? या प्रश्नास आमचें उत्तर प्रथमच सांगून टाकतों. खोक्यावर छापलेला "इतक्या मीटरपर्यंत" हा आंकडा पाहून ट्रान्सड्यूसर घेऊं नये. माप ज्या जागीं घ्यावयाचें ती जागा पाहून घ्यावा. विहिरीकरितां बंद तोंडाची, ओल सोसणारी व अरुंद झोताची चकती हीच योग्य होय. आणि ती दोरीच्या मापाशीं ताडून पाहिल्याखेरीज तिचा एकहि आंकडा वहींत चढवूं नये. असें कां, तें आतां क्रमानें पाहूं.

विहिरींत वांकून हांक मारली असतां हांक परत येते, हें लहानपणीं प्रत्येकानें अनुभविलेलें आहे. अंतरमापक याहून निराळें कांहीं करीत नाहीं. हवा २० अंश सेंटिग्रेड असतां ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. हांक सुटल्यापासून प्रतिध्वनि येईपर्यंतचा वेळ घेतला, त्यास या वेगानें गुणलें व निम्में केलें, कीं अंतर निघतें. निम्में अशाकरितां कीं, ध्वनीनें जाण्याचा व येण्याचा असे दोन प्रवास केलेले असतात. एक सेंटिमीटर अंतरास सुमारें ५८ मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतका सूक्ष्म काळ मनुष्यास मोजतां येत नाहीं, पण यंत्रास तें सहज साधतें. वटवाघूळ अंधारांत किडे टिपतें तें याच युक्तीनें.

हांक मारणारी व ती परत ऐकणारी जी वस्तु, तीच ट्रान्सड्यूसर. विजेच्या हेलकाव्यांचा ध्वनि करणारी, आणि ध्वनीच्या हेलकाव्यांची पुन्हां वीज करणारी ही एक लहानशी चकती असते. १८८० सालीं फ्रान्समध्यें पिएर व झाक क्युरी या बंधूंनीं दाखवून दिलें कीं, कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांच्यावर वीज प्रकट होते. वीज दिली असतां तेच स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतात, हें दुसऱ्याच वर्षीं सिद्ध झालें. पहिल्या महायुद्धांत पोल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें क्वार्ट्झच्या चकत्या योजून पाण्याखालील पाणबुडीचा प्रतिध्वनि मिळविण्याचा उद्योग केला. आज आपल्या हातीं येणाऱ्या चकत्या भट्टींत भाजलेल्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाच्या असतात, आणि त्यांतील बहुतेक सेकंदास ४०,००० हेलकावे, म्हणजे ४० किलोहर्ट्झ, या मापाच्या असतात. मनुष्याचा कान २०,००० हेलकाव्यांपलीकडे ऐकत नाहीं. म्हणून या ध्वनीस श्राव्यातीत म्हणतात.

हेलकावे याहून अधिक घेतले तर माप अधिक बारीक येतें, परंतु हवा तसा ध्वनि लवकर गिळून टाकते व तो दूर जात नाहीं. कमी घेतले तर ध्वनि दूर जातो, पण झोत पसरतो व चकती मोठी करावी लागते. यास्तव पांचसात मीटरांच्या कामास ४० किलोहर्ट्झ हा मध्यममार्ग लोकांनीं पत्करला आहे. विहिरीकरितां त्यांत बदल करण्याचें कारण नाहीं. निवड करावयाची ती इतर चार बाबतींत.

पहिली बाब तोंडाची. चकत्यांच्या दोन जाती आहेत. एक उघड्या तोंडाची: पुढें जाळी, आंत लहानसा शंकु व त्यामागें चकती. बाजारांत सर्वांत अधिक खपणारें एचसी-एसआर०४ हें मॉड्यूल याच जातीचें. त्यावर टी व आर अशा अक्षरांचे दोन डोळे असतात. टी हांक मारतो, आर ऐकतो. शंभर रुपयांच्या आंतबाहेर तें मिळतें, २ सेंटिमीटरांपासून ४ मीटरांपर्यंत माप देतें असें त्याच्या माहितीपत्रकांत असतें, आणि मुलांना विद्या शिकविण्यास तें उत्तम आहे. परंतु विहिरींत त्याचा निभाव लागत नाहीं. जाळींतून ओल आंत शिरते, शंकूवर दंव सांचतें, कोळी जाळें विणतो, आणि एखाद्या पावसाळ्यांत तें मुकें होतें. दुसरी जात बंद तोंडाची. हिच्यांत चकती अल्युमिनियमच्या वाटींत मागून चिकटविलेली असते व वाटीचा तळच कंप पावतो. आंत पाणी जाण्यास वाट नसते. मोटारगाडी मागें घेतांना टूंटूं वाजणाऱ्या यंत्रांत हीच जात असते. जेएसएन-एसआर०४टी या नांवाचें मॉड्यूल या जातीचें असून त्याचा डोळा तारेच्या टोंकाला निराळा असतो. त्यामुळें डोळा विहिरींत व बाकीचें मॉड्यूल डब्यांत कोरडें ठेवतां येतें. किंमत उघड्या जातीच्या तिप्पट-चौपट. स्वस्त तें महाग ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

जे मॉड्यूल न घेतां सुट्या चकत्या घेऊन स्वतः मंडल जुळवितात, त्यांस एक सूचना. टी व आर हे डोळे वरून सारखे दिसले तरी एकमेकांच्या जागीं बसवूं नयेत. हांक मारण्यास चकतीचा जो स्वर उत्तम तोच ऐकण्यास नसतो, थोडा निराळा असतो. म्हणून कारखानदार दोहोंचे स्वर जुळवून जोडी करतात. जोडी एकाच कारखान्याची व एकाच मालिकेची घ्यावी. भिन्न घरच्या बैलांची जोडी नांगरास कशी चालते तें शेतकऱ्यास सांगावयास नको.

दुसरी बाब आंधळ्या पट्ट्याची. घंटेवर टोला दिल्यानंतर ती कांहीं काळ घणघणत राहते, तशीच चकतीहि हांक मारल्यावर क्षणभर थरथरत राहते. तेवढ्यांत जवळून आलेला प्रतिध्वनि तिला ऐकूं येत नाहीं. उघड्या जोडींत ऐकणारा डोळा निराळा असल्यानें हा पट्टा दोनतीन सेंटिमीटरांचा असतो. बंद जातींत एकच चकती दोन्ही कामें करते, म्हणून तो २० ते २५ सेंटिमीटरांचा, म्हणजे आठ ते दहा इंचांचा होतो. कोंकणांतील विहीर श्रावणांत कांठोकांठ भरते. डोळा कठड्याच्या पातळीस बसविला तर नेमक्या त्या दिवसांत माप चुकतें. यास्तव कठड्यापासून हात-दीड हात उंचीवर लोखंडी कोन टाकून डोळा त्यावर टांगावा. एवढ्यानें आंधळा पट्टा हवेंत जातो.

तिसरी बाब झोताची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची असून हिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. कंदिलाचा उजेड चोहोंकडे पसरतो व बॅटरीचा एका झोतांत जातो. चकत्यांतहि असा भेद आहे. मुराता या जपानी कंपनीची एमए४०एस४एस ही उघडी चकती नामांकित आहे. तिचा झोत सुमारें ८० अंशांचा, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे ४०-४० अंश पसरणारा. आतां समजा आपली विहीर बारा फूट व्यासाची आहे आणि डोळा बरोबर मध्यावर टांगला आहे. हा झोत सुमारें सात फुटांवरच विहिरीच्या बांधणीस जाऊन भिडतो. तेथून पुढें पुढें आलेला दगड, पायरी, पंपाचा पाइप, उगवलेलें पिंपळाचें रोप, जें जें आडवें येईल तें आपला प्रतिध्वनि पाठवितें. साधें मॉड्यूल पहिला प्रतिध्वनि खरा मानतें, आणि पाणी वीस फुटांवर असतां आठ फुटांवर आहे असें बेधडक सांगतें. याच्या उलट, मध्यरेषेपासून १५ अंशच पसरणारा झोत बांधणीस भिडतो तो सुमारें बावीस फुटांवर. एकाच विहिरींत एक चकती खोटें व दुसरी खरें सांगते, याचें मर्म हें आहे.

झोत अरुंद कसा होतो, याचा हिशेबहि सोपा आहे. ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची एक लाट साडेआठ मिलिमीटरांहून किंचित् मोठी असते. चकतीचें तोंड लाटेच्या मानानें जितकें रुंद, तितका झोत अरुंद. १६ मिलिमीटरांच्या तोंडाचा मुख्य झोत मध्यापासून सुमारें ४१ अंशांवर संपतो. तोंड दुप्पट केलें तर सुमारें १९ अंशांवर. म्हणून कांहीं बंद चकत्यांच्या पुढें कर्णा बसविलेला असतो, तो शोभेचा नव्हे. विहिरीकरितां कर्ण्याची चकती मिळत असेल तर थोडे अधिक पैसे मोजून तीच घ्यावी. दुकानदारास विचारतांना मात्र असें विचारावें कीं, हे अंश मध्यापासून एका बाजूचे कीं दोन्ही बाजूंचे मिळून ? एक कारखाना एक रीत धरतो, दुसरा दुसरी. मोटारीच्या भंगारांतून काढलेले डोळे पुष्कळ स्वस्त मिळतात, पण त्यांचा झोत मुद्दाम आडवा पसरट केलेला असतो व पल्ला दोन-अडीच मीटरांचाच असतो. ते टांकीस चालतील, विहिरीस नाहीं.

चौथी बाब पल्ल्याची. छापील पल्ला हा कोरड्या खोलींत, स्थिर हवेंत, सपाट भिंतीसमोर मिळालेला असतो. त्यांतून एक चतुर्थांश वजा करून चालावें, हा आमचा ठोकताळा आहे. पंचवीस फूट खोल विहीर म्हणजे साडेसात मीटरांहून थोडी अधिक. साडेचार मीटरांच्या चकतीनें चैत्र-वैशाखांतील तळ गांठतां येणार नाहीं. यास दोन उपाय. दहा मीटरांपर्यंत पोंचणारीं, कर्णा बसविलेलीं तयार यंत्रें परदेशी बनावटीचीं मिळतात. परंतु त्यांची किंमत हजारांत जाते. दुसरा उपाय घरगुती. डोळा बसविलेल्या नळीस दोन ठिकाणीं भोंकें पाडावीं: पावसाळ्यांत वरच्या खुंटीवर टांगावी, माघापासून बरोबर दोन मीटर खालच्या खुंटीवर. वाचनांत दोन मीटर मिळवावे, व कोणत्या तारखेस खुंटी बदलली तें वहींत लिहावें. कमी पल्ल्याच्या चकतीनें खोल विहीर मोजण्याची ही रीत बहुतेकांच्या खिशास परवडण्याजोगी आहे.

चकती उत्तम मिळाली तरी एक शत्रु उरतो, तो म्हणजे हवेची उष्णता. दर अंशागणिक ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ०.६ मीटरनें वाढतो. २० अंशांचा वेग गृहीत धरून ३५ अंशांच्या हवेंत पांच मीटर अंतर मोजलें तर यंत्र सुमारें १३ सेंटिमीटर कमी दाखवितें. म्हणजे पाणी आहे त्याहून पांच इंच वर दिसतें. ही चूक उन्हाळ्यांतच होते व ती तूट झांकून ठेवणारी असते, हें विशेष घातक. जेव्हां पाणी खालीं जात आहे तेव्हांच यंत्र धीर देतें ! म्हणून डीएस१८बी२० या नांवाचा, पोलादी नळींत बंद केलेला उष्णतामापक त्याच फळीस जोडावा, व तो कठड्यावर उन्हांत न ठेवतां विहिरीच्या आंत, डोळ्याखालीं टांगावा. विहिरींतील हवा व बाहेरची हवा यांच्या उष्णतेंत पुष्कळ अंतर असतें. मोजणीच्या सांखळीच्या कड्या वापरानें झिजून ती लांबते, म्हणून जाणता मोजणीदार ती प्रमाण मापाशीं ताडून मगच गुंठ्यांचा हिशेब धरतो. ध्वनीची सांखळी तर सकाळ-दुपार बदलते. ती न ताडतां वापरणें शहाणपणाचें नाहीं.

बसविण्याविषयीं थोडकें. पाणी हा ध्वनीचा आरसा आहे. डोळा किंचित् तिरपा झाला तरी प्रतिध्वनि भलतीकडे जातो. गवंड्याचा ओळंबा लावून डोळा सरळ खालीं पाहील असा बसवावा. पंप चालू असतां पाण्यावर लहरी असतात, म्हणून माप पहाटे, पंप सुरू करण्यापूर्वीं घ्यावें. एका वेळीं नऊ वाचनें घेऊन तीं क्रमानें लावावीं व मधलें धरावें. सरासरी घेऊं नये, कारण एखादें भलतें वाचन सरासरीस बिघडवितें, मधल्यास नाहीं. फळी ईएसपी३२ जातीची असेल तर ती ३.३ व्होल्टची असते, व ५ व्होल्टवर चालविलेल्या मॉड्यूलचा संदेश तिला सोसत नाहीं. मध्यें दोन रोधक घालून तो उतरवून द्यावा. खरेदीस मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर जाणें होईल तेव्हां पावती अवश्य घ्यावी, आणि डोळा घरीं आणल्यावर प्रथम भिंतीसमोर एक, दोन, तीन व चार मीटरांवर फितीनें ताडून पाहावा. चारांपैकीं एकहि माप दोन सेंटिमीटरांहून अधिक चुकलें तर तो परत करावा.

आतां आक्षेपांचा विचार करूं. जुने लोक म्हणतील, दोरीला दगड बांधून सोडला कीं झालें, हा खटाटोप कशाला ? आम्ही दोरीचे विरोधी नाहीं. दोरी हीच न्यायाधीश. यंत्राची साक्ष तिच्यापुढें तपासली गेली पाहिजे. परंतु दोरी रोज पहाटे सोडील असा मनुष्य कोणत्या घरांत आहे ? सणावारीं, लावणीच्या दिवसांत, आजारपणांत नोंद खंडते, आणि खंडलेल्या नोंदीस कचेरींत किंमत नाहीं. यंत्र रोज लिहील, दोरी पंधरवड्यास एकदां तें खरें कीं खोटें तें सांगेल. दोघांचें मिळूनच काम व्हावें.

नवे लोक म्हणतील, लेझर घ्या, रडार घ्या. लहान लेझरचे डोळे भिंतीस उत्तम. परंतु निवळ पाण्यांतून प्रकाश आरपार जातो किंवा आरशासारखा भलतीकडे परततो, म्हणून विहिरींत त्यांचा भरंवसा नाहीं. रडार खरोखर चांगलें. त्यास उष्णतेची अशी बाधा होत नाहीं. पण चांगलें रडार एका शेतकऱ्याच्या एका विहिरीस परवडणारें नाहीं. पोलरॉइड कंपनीनें १९७८ सालीं कॅमेऱ्यांत घातलेली पातळ पत्र्याची चकती सुमारें ३५ फूट पोंचत असे व तिची आठवण हौशी लोक अजून काढतात. परंतु तिला शेंकडों व्होल्टची वीज लागते, आणि ओल्या विहिरीवर तसलें काम मुलांच्या हातीं देणें बरें नव्हे. कूपनलिकेचा प्रश्न मात्र अगदीं निराळा आहे. सहा इंच रुंद व शें-दोनशें फूट खोल भोंकांत वरीलपैकीं कोणतीहि चकती चालणार नाहीं. तेथें पाण्यास टेकतांच दिवा लावणारी विजेची फीत किंवा पाण्याखालीं सोडावयाचा दाबमापक हाच मार्ग होय.

ज्यांची शेती खारजमिनींत आहे त्यांस हेंच साधन उघाडीवर उपयोगी पडेल. भरतीचें पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खालीं राहिलें, हें अमावास्या-पौर्णिमेस लिहून ठेवलें तर बांध कोठें व किती उंचवावा याचा वाद तोंडानें घालावा लागणार नाहीं. तेथें खारी हवा असल्यानें तारेचे सांधे मेण अथवा सिलिकॉन घालून बंद करावे, आणि वाऱ्यानें झोत विचलित होऊं नये म्हणून डोळ्याभोंवतीं आडोसा करावा.

साधन साधें असलें तरी नोंद मोठी होऊं शकते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासूनची उपलब्ध आहे. त्या काळच्या साधनांनीं ती आरंभिली गेली, पण ती पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. म्हणून समुद्राची पातळी किती चढली याचा विचार करणारे जगांतील शास्त्रज्ञ आज ती काढून पाहतात. आपल्या विहिरीच्या वहीस एवढा मान मिळण्याची गरज नाहीं. पांच वर्षांची अखंड वही असली तरी ती तालुक्याच्या कचेरींत, बांधकामाच्या वादांत, फार काय घरांतल्या घरांत पंप किती तास चालवावा या प्रश्नांतहि साक्ष देईल.

यास्तव आमची सूचना अशी आहे कीं, आपल्या सोसायटीनें दर गांवीं निदान एका सभासदाची विहीर निवडून तेथें असें एक यंत्र बसवावें, एकाच जातीच्या चकत्या एकदम मागवाव्या, म्हणजे किंमतींत सवलत मिळेल व एकाचें माप दुसऱ्याशीं ताडतां येईल. आणि महिन्याच्या महिन्यास त्या पातळ्या याच मासिकाच्या एका पानावर छापाव्या. खर्च एका सभासदामागें कांहीं रुपयांचाच येईल. चकत्यांची निवड समितीनें करतांना वर सांगितलेल्या चार बाबी—तोंड, आंधळा पट्टा, झोत व पल्ला—एका कागदावर लिहून, प्रत्येक विहिरीचा व्यास व खोली त्यापुढें मांडून मगच मागणीपत्रक पाठवावें. पावसाळा संपून विहिरी भरलेल्या असतात तो अश्विन-कार्तिकाचा काळ या कामास उत्तम, कारण तेव्हांपासून उतरणारी प्रत्येक बोट वहींत येईल. तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें वडील सांगत आले. पाणी आटल्यावर तें मोजावयास निघूं नये, एवढें आम्ही त्यास जोडतों.